थिजलेलें तेल आणि यंत्राची ऊब

पौष महिन्यांत आमच्याकडे घरोघरीं एक लहानसा प्रसंग घडत असतो. न्हाऊन आलेली मुलगी खोबरेलाची बाटली हातांत घेते, उपडी करते, हालविते. परंतु तींतून एक थेंबही गळत नाहीं. रात्रींतून तेल थिजून पांढरें झालेलें असतें. मग घरांतली वडील बाई ती बाटली उन्हांत नेऊन ठेवते, किंवा घाई असेल तर ऊन पाण्याच्या तांब्यांत उभी करते. बाटलीखालीं जाळ लावावा असें तिच्या मनांतही येत नाहीं. जें थिजलें त्यालाच ऊब द्यावयाची, आणि तीही बेतानें द्यावयाची, हा नियम तिला कोणा पंतोजीनें शिकविलेला नसतो. यंत्रविद्येंत निष्णात म्हणविणाऱ्या राष्ट्रांना मात्र हाच नियम अंगवळणीं पडण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. त्या काळाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें मांडणार आहों. आणि तिला निमित्त झाली ती चंद्रपूर जिल्ह्यांतील पोंभुर्णा तालुक्यांतली एक पहांट.

पोंभुर्ण्याचा मुलूख झाडीपट्टींत मोडतो. एका बाजूस वैनगंगा, मधून अंधारी, भोंवतीं सागवान आणि बांबू यांचें अरण्य, आणि मोकळ्या जागेंत भाताचीं बांधीं. भात घरांत आलें, कीं दिवाळीपासून होळीपर्यंत या भागांत गांवोगांवीं नाटकें होतात. नाटक रात्रीं सुरू होतें आणि पहांटे संपतें. प्रेक्षक घोंगड्या पांघरून शेवटच्या प्रवेशापर्यंत बसून राहतात. पुढच्याच रात्रीं मंडळीला दुसऱ्या गांवीं उभें राहावयाचें असतें. पडदे, पेट्या, दिवे, कपडे हें सर्व एका ट्रकांत भरलेलें असतें, आणि तो ट्रक वेळेवर निघाला नाहीं तर पुढच्या गांवचा मांडव रिकामा राहतो. अशा एका गांवीं आम्ही गेल्या हिंवाळ्यांत नाटक पाहण्यास गेलों होतों. उजाडण्याच्या सुमारास सामान भरून झालें, चालकानें सेल्फ मारला, आणि इंजिन एखाद्या झोंपाळू म्हशीप्रमाणें कण्हून पुन्हां स्वस्थ बसलें. दोनतीन वेळां असें झाल्यावर क्लीनरनें शेजारच्या गोठ्यांतून कवळाभर तणस आणली, ती चेंबरच्या खालीं पसरली आणि काडी लाविली. पाहतां पाहतां जाळ वर चढला. कोणाला त्यांत नवल वाटलें नाहीं; दोघेतिघे हात शेकावयास पुढें सरले. वर ट्रकांत रंगविलेले पडदे होते, बाजूला डीझेलची टाकी होती, आणि आम्ही मात्र उगीच दोन पावलें मागें झालों. “दरवर्षीं असंच होते जी,” चालक आम्हांस म्हणाला. “जाळाशिवाय उठतच नाही ते.”

त्या जाळाकडे पाहत असतां आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो असा: हा मनुष्य नक्की कोणाला तापवीत आहे? इंजिनाच्या लोखंडाला, आंतल्या पाण्याला, डीझेलला, हवेला, कीं तेलाला? या एका प्रश्नाच्या उत्तराचा शोध, हाच थंडींत यंत्रें सुरू करण्याचा इतिहास होय.

वाफेच्या इंजिनाला हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. वरोड्याच्या कोळशासाठीं 1870 च्या दशकांत वर्धेहून लोहमार्ग आला, तेव्हां या जिल्ह्यानें पहिलें मोठें यंत्र पाहिलें. त्याच्या पोटांतच विस्तव होता. तें तापण्यास कित्येक तास लागत, परंतु तापविणें हेंच त्याचें जीवन असल्यामुळें थंडी ही निराळी अडचण नव्हती. अडचण आली ती विस्तव बाहेरून दिसेनासा झाला तेव्हां. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रजानें 1890 सालीं जड तेलावर चालणाऱ्या इंजिनाचें पेटंट घेतलें, आणि ग्रँथम येथील हॉर्न्सबी कारखान्यानें तीं इंजिनें 1892 पासून विकावयास काढलीं. या इंजिनाच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. सुरू करण्यापूर्वीं त्या गोळ्याखालीं स्टोव्हसारखा भरभरणारा दिवा धरून तो चांगला तापवावा लागे. एकदां इंजिन चालूं लागलें, कीं आंतल्या ज्वलनानेंच गोळा तप्त राही आणि दिवा काढून घेत. म्हणजे येथें उष्णता द्यावयाची ती इंधन पेटण्याच्या नेमक्या जागेला. सबंध यंत्राखालीं होळी करण्याचें कारण नव्हतें.

त्याच सुमारास रुडॉल्फ डीझेल हा दिवाच नाहींसा करण्याच्या उद्योगास लागला होता. हवा जोरानें दाबली म्हणजे ती तापते. सायकलीचा पंप मारणाऱ्या मुलाच्या बोटांना हें ठाऊक असतें. डीझेलनें हवा इतकी दाबली, कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेटावें. 1897 सालीं आउग्सबुर्ग येथें त्याचें इंजिन यशस्वी ठरलें. परंतु दाबलेल्या हवेची उष्णता थंड लोखंड शोषून घेतें, आणि इंजिन हळू फिरलें तर शोषण्यास वेळही अधिक मिळतो. म्हणून सुरुवातीपुरती मदत पाहिजे होती. ती विजेच्या तारेनें तापणाऱ्या लहानशा खिळ्यानें दिली. बॉश कारखान्यानें असे खिळे 1922 पासून तयार केले. आमचे कारागीर त्याला ‘हीटर प्लग’ म्हणतात. म्हणजे दुसऱ्या पायरीवर ऊब मिळाली ती हवेला.

आमच्या महाराष्ट्रांत हीं यंत्रें परकीं राहिलीं नाहींत. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यांत 1930 च्या दशकांत डीझेल इंजिनें तयार होऊं लागलीं. हेच कूपर 1937 सालीं मुंबई इलाख्याचे पहिले मुख्य प्रधान झाले. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालीं निघाली, आणि पुढें तिचीं इंजिनें विहिरीवर, पिठाच्या गिरणींत, भातगिरणींत फट् फट् करूं लागलीं. ज्यांनीं लहानपणीं तें दृश्य पाहिलें आहे त्यांना हँडल मारणारा गडी आठवेल. झडपेची कळ वर करून तो जड चाकाला गति देई, आणि गति पुरेशी आली कीं कळ सोडून देई. थंडीच्या सकाळीं हेंच चाक हाताला दुप्पट जड लागे. कोणी किटलीभर कढत पाणी इंजिनाच्या पाण्याच्या जागेंत ओती, कोणी हवा घेण्याच्या नळीपाशीं चिंध्यांचा पेटता बोळा धरी. एकानें लोखंड तापविलें, दुसऱ्यानें हवा. पण चाक जड कां लागतें, या प्रश्नाला दोघांनींही हात घातला नव्हता.

चाक जड लागतें तें तेलामुळें. इंजिनाच्या तळाशीं जी परात असते, जिला आमच्याकडे चेंबर म्हणतात, तींत वंगणाचें तेल सांठलेलें असतें. इंजिन फिरूं लागलें, कीं पंप तें उचलून प्रत्येक घासणाऱ्या भागापर्यंत पोंचवितो. परंतु तेलाचा दाटपणा उष्णतेवर अवलंबून असतो. ट्रकांत सर्रास वापरलें जाणारें ‘15 डब्ल्यू 40’ जातीचें तेल घेतलें, तर 100 अंशांवर तें जितकें पातळ असतें त्याच्या सात-आठ पट दाट तें 40 अंशांवर असतें, आणि पहांटेच्या पांच-सहा अंशांवर हा दाटपणा पन्नास पटींच्या आसपास जातो. दाट तेलामुळें दोन गोष्टी होतात. एक, सर्व भाग चिकटल्यासारखे होऊन इंजिन हळू फिरतें, आणि हळू फिरलें म्हणजे हवा पुरेशी तापत नाहीं. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे, कारण ती दिसत नाहीं. इंजिन कसेंबसें सुरू झालें तरी तेल वरच्या भागांपर्यंत पोंचण्यास विलंब लागतो, आणि तेवढा वेळ लोखंड लोखंडावर जवळजवळ कोरडें घासत असतें. त्यांत बॅटरीचें बळही नेमकें थंडींतच उतरलेलें असतें.

ही गोष्ट प्रथम ध्यानांत आली ती ध्रुवाजवळच्या प्रदेशांत विमानें चालविणाऱ्यांच्या. 1920 च्या व 1930 च्या दशकांत अलास्कांतील वैमानिक रात्रीं विमान उतरलें, कीं इंजिन ऊन आहे तोंच त्यांतलें तेल डब्यांत काढून घेत, आणि तो डबा झोंपडींत शेगडीजवळ ठेवीत. सकाळीं इंजिनावर कनाथ टाकून आंत स्टोव्ह पेटवीत आणि ऊन तेल पुन्हां इंजिनांत ओतीत. खोबरेलाची बाटली उन्हांत ठेवणाऱ्या बाईची आणि या वैमानिकांची जात एकच. त्यांना मूळ दुखणें कळलें होतें.

जें एकट्यादुकट्या वैमानिकाला कळलें होतें तें एका प्रचंड सैन्याला वेळेवर कळलें नाहीं, याचें उदाहरण म्हणजे 1941 सालची मॉस्कोवरील जर्मन स्वारी. हिंवाळ्यापूर्वीं युद्ध संपेल या हिशेबानें निघालेल्या त्या सैन्याजवळ थंडीची पुरेशी तयारी नव्हती. डिसेंबरांत पारा शून्याखालीं 30 अंशांच्या घरांत गेला, तेलें घट्ट झालीं, आणि रणगाडे जागच्या जागीं बसले. सेनापति गुडेरियन यानें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे, कीं रणगाड्यांखालीं खड्डे खणून त्यांत विस्तव केल्याशिवाय इंजिनें सुरू होत नसत. युरोपांतील सर्वांत नामांकित यांत्रिक सेना शेवटीं आमच्या त्या क्लीनरच्या तणशीवर येऊन ठेपली होती. याच युद्धांत विमानांसाठीं एक निराळी युक्ति रूढ झाली: इंजिन बंद करण्यापूर्वीं वंगणांत थोडें पेट्रोल मिसळावयाचें, म्हणजे तें रात्रभर पातळ राहतें, सकाळीं इंजिन तापलें कीं पेट्रोल उडून जातें. तेलाला ऊब देतां येत नसेल तर तेलाचा स्वभावच बदलावा, हा विचार येथें स्पष्ट झाला. पुढें तेलशुद्धीच्या कारखान्यांनीं हाच विचार पूर्णत्वास नेऊन थंडींत फारसें न दाटणारें आणि उष्णतेंत फारसें न पातळ होणारें तेल बनविलें. डब्यावरच्या आंकड्यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर आहे, हें पुष्कळ गाडीवाल्यांस ठाऊक नसतें.

युद्ध संपल्यावर हा प्रश्न सामान्य गृहस्थाच्या अंगणांत आला. अमेरिकेंतील उत्तर डकोटा प्रांतांत ग्रँड फोर्क्स येथें ग्रामीण वीज सहकारी संस्थेचें काम पाहणाऱ्या अँड्र्यू फ्रीमन यास 8 नोव्हेंबर 1949 रोजीं एका विद्युत्‌-तापकाचें पेटंट मिळालें. इंजिनाच्या माथ्यावरील एक बोल्ट काढून त्या जागीं तापणारा दांडा बसवावयाचा, अशी ती योजना होती. गांवांत नुकतीच वीज आली होती. ती वीज रात्रभर मोटारीची ऊब राखील, ही कल्पना सहकारी संस्थेच्या माणसालाच सुचावी हें साहजिक होतें. परंतु येथेंही ऊब मिळाली ती माथ्याला. तेल राहिलें तळाशीं.

तळाच्या तेलापर्यंत ऊब पोंचविली ती चिकटपट्टीच्या तापकानें, आणि त्याचा पाया घातला तो 1940 च्या दशकांत तयार झालेल्या सिलिकोन जातीच्या रबरानें. साधें रबर ज्या उष्णतेनें करपून जाईल ती हें रबर सहज सोसतें. त्याच्या दोन पातळ थरांमध्यें तापणाऱ्या तारेचें जाळें बसविलें, पाठीला चिकट लेप दिला, कीं हातरुमालाहून लहान अशी एक लवचिक पट्टी तयार होते. ती चेंबरच्या बाहेरील तळाला चिकटवावयाची आणि विजेला जोडावयाची. लहान मोटारीला 250 वॅटची पट्टी सामान्यतः पुरते. दोन तास जोडली तर अर्धें युनिट वीज खर्च होते. ऊन झालेलें तेल आपोआप वर चढतें, थंड तेल खालीं येतें, आणि थोड्या वेळांत सबंध चेंबर कोमट होतो. जाळ नाहीं, धूर नाहीं.

ही पट्टी बसविण्याची रीत सांगण्यासारखी आहे, कारण तिचें सर्व यश घाई न करण्यांत आहे. प्रथम चेंबर धातूचा आहे ना, तें पाहावें. अलीकडे कांहीं गाड्यांना प्लॅस्टिकचे चेंबर असतात, त्यांना ही पट्टी चालत नाहीं. मग सपाट जागा निवडावी. जोड, फासळ्या आणि तेल सोडण्याचा बोल्ट टाळावा, आणि पट्टीमागें तेल नेहमीं राहील अशी खालची बाजू पसंत करावी. तेथील चिखल व चिकटा धुऊन काढावा, पॉलिशपेपरनें रंग घासून धातु उघडी करावी, आणि स्पिरिटनें पुसून घ्यावी. त्यानंतर तेथें बोटही लावूं नये, कारण बोटाचें तेलही लेपाला पुरें पडतें. धातु किंचित् कोमट असतां पट्टी मधून कडेकडे दाबीत बसवावी. आंत हवेचा फुगा राहिला तर त्या जागची उष्णता धातूंत उतरत नाहीं, ती पट्टींतच कोंडते आणि पट्टी तेथें जळते. शेवटीं कडांना सिलिकोनची लुकणी भरून एक दिवस तसेंच राहूं द्यावें, मगच वीज जोडावी. तार धुराच्या नळीपासून व फिरत्या भागांपासून दूर बांधावी, जोडणी तीन पिनांची व जमिनीशीं जोडलेली असावी, आणि गाडी हलविण्यापूर्वीं पिन काढण्यास विसरूं नये.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. परदेशांतील आप्त अशा वस्तु हौसेनें पाठवितात. एडमंटन किंवा विनिपेग येथें राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मोटारींच्या तोंडांतून विजेची पिन लोंबत असते, आणि आपल्याकडच्या पाहुण्याला तिचें मोठें नवल वाटतें. पण तेथील वीज 120 व्होल्टची आहे, आपली 230 ची. तिकडची पट्टी इकडे जोडली तर उष्णता दुप्पट होणार नाहीं. व्होल्टच्या वर्गाच्या हिशेबानें ती साडेतीन पटींहूनही अधिक होईल. भेट म्हणून आलेली ऊब तणशीच्या जाळाइतकीच घातक ठरेल.

आतां मूळ प्रश्न. पोंभुर्ण्याला या पट्टीची गरज आहे काय? हा जिल्हा उन्हाळ्यांत 47-48 अंशांपर्यंत भाजून निघतो, म्हणून तेथें थंडी नाहींच असें समजणें चूक आहे. शेजारच्या नागपुरास 29 डिसेंबर 2018 रोजीं पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता, आणि रानांतल्या सखल जागीं पहांट बोंचरीच असते. तरीही ही थंडी लडाखची नव्हे. द्रासकडे पारा शून्याखालीं 20 अंशांच्याही पलीकडे जातो. तेथें साधें डीझेलच मेणासारखें गोठतें, आणि म्हणूनच उणे 33 अंशांपर्यंत वाहतें राहणारें खास हिंवाळी डीझेल इंडियन ऑइलनें नोव्हेंबर 2019 मध्यें लडाखसाठीं काढलें. तेथील तळावर पहारा करणाऱ्या आमच्या मराठी जवानाच्या गाडीला बाहेरची ऊब हा जीवनाचाच प्रश्न आहे. उलट ‘15 डब्ल्यू’ जातीचें तेल उणे 20 अंशांवरही इंजिन फिरूं देईल अशा कसोटीस उतरलेलें असतें. पोंभुर्ण्याच्या पांच-सहा अंशांनीं त्याला अडण्याचें कारण नाहीं.

मग तो ट्रक कां अडला? आम्हीं चालकास विचारलें, कीं चेंबरमध्यें कोणतें तेल आहे. “मिळालं ते टाकलं जी,” तो सहज म्हणाला. बॅटरी किती जुनी, हें त्याला आठवेना. हीटर प्लग जळाल्याला दोन हिंवाळे झाले होते, तें मात्र त्याला पक्कें आठवत होतें. आमच्या मतें सर्व इतिहासाचें सार या तीन उत्तरांत आहे. दुखणें थंडीचें नव्हतें, दुर्लक्षाचें होतें. आणि जाळ दरवर्षीं तें झांकून टाकीत होता. त्या जाळानें चेंबरच्या तळाशीं लागलेलें तेल करपतें, रबरी वेढणें कडक होतात, तारांचें वेष्टण वितळतें, म्हणजे पुढच्या हिंवाळ्यासाठीं नवें दुखणें तयार होतें. एखाद्या वर्षीं ठिबकत्या डीझेलनें पेट घेतला, तर एका मंडळीचे पडदे, कपडे आणि पंचवीस-तीस माणसांची भाकरी एका घटकेंत जाईल.

त्या दिवशीं तणस जळून राख झाली तरी इंजिन उठलें नाहीं. पुढें ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खालीं आलें, ट्रकाच्या अंगावर पडलें, आणि तासाभरानें पुन्हां सेल्फ मारतांच इंजिन एकदम धडधडूं लागलें. सर्वांनीं श्रेय जाळाला दिलें. आम्ही चालकास एवढेंच म्हणालों, कीं गाडीच्या पुस्तकांत लिहिलेलें तेल घाल, प्लग बदल, आणि पट्टी घेण्याचे पैसे बॅटरींत घाल. त्यानें मान डोलाविली. गोठ्याचा म्हातारा मालक इतका वेळ मुकाट्यानें उभा होता; तो त्या राखेकडे पाहून म्हणाला, “हे केलं तर माझ्या गाईची तणस तरी वाचंल.”